जुन्या वळणाची डाइव्ह घड्याळे : जाडी, ठेवण आणि किंमत

जुन्या वळणाचे डाइव्ह घड्याळ, म्हणजे समुद्रात डुबकी मारताना घालायचे घड्याळ, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो व्यासाचा. एकोणचाळीस मिलिमीटर की एकेचाळीस, एवढ्यावरच निम्मी चर्चा संपते. माझे मत असे आहे की या प्रकारच्या घड्याळात पैसे खरोखर लागतात ते जाडी कमी करायला आणि पाणी अडवायला. बाकीचा बराचसा खर्च जुनेपणाच्या देखाव्यावर होतो, आणि तो करावा की नाही हे आधी ठरवलेले बरे. हे मत मी तीन घड्याळांच्या आधारे मांडतो आहे. पहिले सेइकोचे एसपीबी१४३, जे माझे स्वतःचे आहे. दुसरे बाल्टिक या फ्रेंच कंपनीचे अ‍ॅक्वास्काफ, जे देवबागेत स्कुबाची बोट चालवणाऱ्या माझ्या मित्राचे आहे. तिसरे ट्यूडर या स्विस कंपनीचे ब्लॅक बे फिफ्टी-एट. ते व्यापारी जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाचे असून तो सुट्टीवर घरी असताना माझ्याकडे बरेच दिवस राहिले. तिन्ही घड्याळे तारकर्लीच्या आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्यात उतरली आहेत. पण त्याहून कितीतरी अधिक वेळ ती स्कूटरवर, बाजारात आणि कचेरीत मनगटावर होती, आणि घड्याळाची ठेवण चांगली की वाईट हे तिथेच कळते.

या घड्याळांचे मूळ रूप १९५३ साली ठरले. फ्रान्सच्या पाण्याखाली लढणाऱ्या सैनिकांच्या पथकाचे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो यांना पाण्याखाली वेळ मोजता येईल असे घड्याळ हवे होते: काळी तबकडी, ठळक खुणा, अंधारात चमकणारे काटे आणि काचेभोवती फिरणारी कडी, म्हणजे बेझेल. ब्लांपँ कंपनीचे प्रमुख झाँ-झाक फिश्टर स्वतः समुद्रात डुबकी मारणारे होते, त्यामुळे त्यांना ही गरज समजावून सांगावी लागली नाही, आणि फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ तयार झाले. रोलेक्सची सबमरिनर त्याच सालची. जपानमध्ये सेइकोने ६२मास हे आपले पहिले डाइव्ह घड्याळ १९६५ साली काढले, ज्याची क्षमता १५० मीटरची होती. आज बाजारात जुन्या वळणाचे म्हणून जे काही मिळते, त्यातले बहुतेक या तिघांच्या घराण्यातले असते.

येथे एक समज दूर करायला हवा. जुने घड्याळ म्हणजे लहान घड्याळ, असे सर्रास सांगितले जाते, पण पहिले फिफ्टी फॅदम्स बेचाळीस मिलिमीटरच्या जवळ होते, तर पहिल्या सबमरिनर सदतीस-अडतीस मिलिमीटरच्या होत्या. म्हणजे एकाच सालच्या, एकाच कामाच्या दोन घड्याळांत एवढा फरक होता. त्यामुळे 'मूळ आकाराशी प्रामाणिक' हे शब्द जाहिरातीत वाचले की कोणत्या मूळ घड्याळाशी, हे विचारणे भाग आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घड्याळ मनगटावर कसे बसेल हे तीन गोष्टींवर ठरते: एकूण जाडी, पट्टा अडकवण्याच्या एका बाजूच्या कानापासून दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंतची लांबी, आणि ती जाडी नेमकी कुठे साठलेली आहे. या कानांना घड्याळाचे शौकीन लग म्हणतात. माझे मनगट साडेसहा इंचांचे, वरचा सपाट भाग पन्नास मिलिमीटरहून थोडा अधिक. त्यामुळे अठ्ठेचाळीसच्या आतली लांबी मला आरामात चालते. सेइकोचे आकडे असे आहेत: व्यास ४०.५, जाडी १३.२, लग ते लग ४७.६ मिलिमीटर. ट्यूडरचे ३९, ११.९ आणि ४७.७५. बाल्टिकचे ३९, १२ आणि ४७. कागदावर ही तिन्ही घड्याळे भावंडे वाटतात. व्यास पाहिला तर फरक दीड मिलिमीटरचा, लांबी पाहिली तर एका मिलिमीटरचाही नाही. तरीही डोळे मिटून एकेक घालून पाहिले तर तिन्ही वेगळी ओळखू येतात, आणि त्याचे कारण जाडीत आहे.

बाल्टिकच्या बारा मिलिमीटरमध्ये काचेच्या घुमटाचा वाटा बराच मोठा आहे. पोलादी केसची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, बाजू त्यामुळे सडपातळ दिसते, शर्टाची बाही घड्याळावरून सहज सरकते, आणि काचेची कड तिरकस कोनातून पाहिली की तबकडीच्या काठावरच्या खुणा किंचित वाकलेल्या दिसतात, जे जुन्या अ‍ॅक्रिलिक काचेच्या घड्याळांत दिसत असे. काच मात्र सफायरची आहे, त्यामुळे वाळूने ओरखडे पडत नाहीत. ट्यूडरमध्ये जाडी तळाच्या झाकणात आणि बाजूच्या भिंतीत अशी वाटली गेली आहे. बाजू थोडी उभी आणि सपाट आहे, पण लगांच्या वरच्या कडेला दिलेली चकचकीत तिरपी धार नजरेला ती जाडी जाणवू देत नाही. हे काम मी भिंगाखाली पाहिले. चारही लगांवर धारेची रुंदी सारखी आहे, ती टोकाकडे निमुळती होत जाते आणि कुठेही लाटेसारखी डळमळत नाही. अशा कामाला हात लागतो आणि हाताला पैसे लागतात. सेइकोची केस सर्वांत उंच आहे. ती मनगटावर आपले अस्तित्व जाणवून देते; मात्र लग खाली वळलेले असल्यामुळे घड्याळ डुगडुगत नाही. पहिल्या आठवड्यात दरवाजाच्या चौकटीला ते दोन-चारदा आपटले, मग हाताला सवय झाली.

ही जाडी येते कुठून, हे समजले की किंमतही समजू लागते. स्वस्त घड्याळांत सर्वत्र सापडणारे सेइकोचे एनएच३५ हे यंत्र ५.३२ मिलिमीटर जाडीचे आहे. स्विस सेलिटाचे एसडब्ल्यू२०० हे ४.६ मिलिमीटर. बाल्टिकमध्ये बसवलेले मियोटाचे ९०३९ अवघे ३.९ मिलिमीटर. एनएच३५ आणि मियोटा यांच्यात जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडला, आणि अकरा-बारा मिलिमीटरच्या घड्याळात दीड मिलिमीटर म्हणजे रूप पालटणारी गोष्ट आहे. म्हणून शंभर-सव्वाशे डॉलरची, ६२मासच्या धर्तीची चिनी घड्याळे चित्रात हुबेहूब दिसतात आणि हातात घेतली की नारळाची करवंटी पालथी ठेवल्यासारखी वाटतात. व्यास जुळवणे सोपे असते, कारण तो लेथवर ठरतो. जाडी जुळवायची तर आतले यंत्रच बदलावे लागते.

हा प्रश्न फक्त स्वस्त घड्याळांचा नाही. सेइकोने २०१७ साली ६२मासची अधिकृत पुनर्निर्मिती केली, एसएलए०१७ या क्रमांकाने, फक्त २,००० नग. तिचा व्यास ३९.९ मिलिमीटर आणि जाडी १४.१ मिलिमीटर, किंमत काही हजार डॉलर. तबकडी, काटे, किल्लीची ठेवण, सगळे मन लावून केलेले. तरीही व्यासाच्या एक-तृतीयांशाहून अधिक जाडी म्हटल्यावर मूळ घड्याळाचा जो हलकेपणा होता तो उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्यूडरनेही हा धडा घेतलेला दिसतो. २०१२ चे ब्लॅक बे एकेचाळीस मिलिमीटरचे होते, आणि २०१६ मध्ये कंपनीचे स्वतःचे यंत्र त्यात आले तेव्हा ते पंधरा मिलिमीटरच्या जवळ गेले. २०१८ च्या फिफ्टी-एटसाठी लहान यंत्र बनवले गेले आणि २०२३ च्या ब्लॅक बे ५४ मध्ये आकार ३७ व ११.२ मिलिमीटरपर्यंत उतरला. मोठ्या घड्याळातून लहान घड्याळाकडे जाताना पट्ट्याचे पोलाद वाचले असेल, पण संशोधनाचा खर्च वाढला. ग्राहक 'लहान घड्याळ आणि किंमत मात्र जास्त' म्हणून कुरकुरतो, तेव्हा हे लक्षात घेतलेले बरे.

जुन्या घड्याळांचा एक अपवादही नोंदवतो. सेइकोचे एसकेएक्स००७, जे १९९६ पासून २०१९ पर्यंत निघत होते, ते ४२.५ मिलिमीटर व्यासाचे, तरीही लग ते लग फक्त ४६. मालवण-देवबाग पट्ट्यात जुने पाणबुडे आणि बोटवाले यांच्या हातांवर ते अजून दिसते, आणि बारीक मनगटावरही शोभते. व्यास सर्वांत मोठा आणि लांबी सर्वांत कमी, हे गणित ज्याने मांडले त्याला मनगट कळले होते.

तबकडीच्या बाबतीत माझी पसंती सेइकोला आहे, आणि त्याला आमचे पाणी कारण आहे. मालवणचा समुद्र अंदमानसारखा काचेचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चांगल्या काळातही वारा फिरला की तळाची माती उठते आणि काही मीटरपलीकडे बोटीचा नांगरदोर दिसेनासा होतो. अशा गढूळ, हिरवट उजेडात बारीक सोनेरी रेषा वाचता येत नाहीत. ट्यूडरच्या काळ्या तबकडीवरची सोनेरी मिनिटपट्टी आणि सोनेरी कडांचे काटे कचेरीत फार देखणे दिसतात. सात-आठ मीटर खाली त्या सोन्याचा रंग निघून जातो, कारण पाणी तांबड्या-पिवळ्या बाजूचा उजेड आधी शोषते, आणि मग भरवसा उरतो तो चमकणाऱ्या रंगद्रव्यावर. सेइकोचे रुंद काटे आणि जाड आयताकृती खुणा तिथे ठळकपणे उठून दिसतात. शिवाय मिनिटकाटा मिनिटपट्टीला अगदी स्पर्श करेपर्यंत लांब आहे. हे क्षुल्लक वाटते, पण अनेक देखण्या घड्याळांत काटा पट्टीच्या अलीकडेच संपतो आणि नेमके मिनिट अंदाजाने ठरवावे लागते. डाइव्ह घड्याळात हा दोष मी माफ करणार नाही.

चमकणाऱ्या रंगद्रव्याला पिवळसर, चहाच्या डागासारखी छटा देण्याची जी रीत पडली आहे, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. जुन्या घड्याळांत आधी रेडियम आणि साठच्या दशकापासून ट्रिटियम वापरले जाई. या किरणोत्सर्गी द्रव्यांनी त्यांच्यात मिसळलेला झिंक सल्फाइड हळूहळू खराब होत गेला आणि पांढरा रंग तपकिरी झाला. ट्रिटियमचे अर्धायुष्यच सव्वाबारा वर्षांचे, त्यामुळे साठ-सत्तर सालची घड्याळे आज अंधारात जवळजवळ मुकी असतात. आजचे सुपर-ल्युमिनोव्हा किरणोत्सर्गी नाही, ते उजेड साठवते आणि परत देते, आणि ते असे तपकिरी पडत नाही. मग त्यात मुद्दाम रंग कालवून जुनेपणा आणला जातो, आणि रंग कालवला की साध्या हिरवट-पांढऱ्या द्रव्याच्या तुलनेत उजेड कमी पडतो. म्हणजे ग्राहक कमी उजेडासाठी तितकेच किंवा अधिक पैसे मोजतो. हलकी मलईसारखी छटा मला चालते, कारण काळ्या तबकडीवर ती डोळ्यांना शांत वाटते. पण गडद तपकिरी छटा असलेले डाइव्ह घड्याळ मी कोणाला सुचवणार नाही. हीच गोष्ट ट्यूडरच्या पोलादी पट्ट्याच्या कडेवरील रिव्हेटांची. पन्नासच्या दशकात ते कड्या जोडून धरत. आता ते शोभेपुरते आहेत. मामेभावाने तो पट्टा काढून कापडी पट्टा घातला तेव्हा घड्याळ हलके तर झालेच, शिवाय अधिक प्रामाणिकही वाटू लागले.

पाण्याच्या क्षमतेविषयी अकारण भीती पसरलेली आहे. तिन्ही घड्याळे २०० मीटरची आहेत. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो. तारकर्लीला पर्यटकांना नेतात ती खोली दहा मीटरच्या आतबाहेरची, आणि हौशी पाणबुड्यांची जगभर मान्य मर्यादा चाळीस मीटरची. हात जोरात मारल्याने दाब कितीतरी पट वाढतो असे जे सांगतात, त्यांनी हिशेब करून पाहावा: सेकंदाला पाच मीटर वेगाने हात पाण्यातून गेला तरी वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीइतकाच. आयएसओ ६४२५ या मानकानुसार डाइव्ह घड्याळाची चाचणी लिहिलेल्या क्षमतेच्या सव्वापट दाबावर होते, खाऱ्या पाण्यात ठेवूनही होते. तेव्हा २०० ऐवजी ३०० मीटर लिहिलेले आहे म्हणून जाड घड्याळ घेणे, आणि त्यासाठी अधिक पैसे देणे, आपल्या किनाऱ्यावर तरी निरर्थक आहे.

पाणी शिरते ते खोलीमुळे नाही. ते शिरते सुकलेल्या रबरी वॉशरमुळे आणि नीट न पिळलेल्या किल्लीमुळे. मी पूर्वी मागवलेले एक स्वस्त घड्याळ, ज्यावर २०० मीटर असे ठसठशीत लिहिलेले होते, ते चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यातच आतून धुरकटले. उघडल्यावर तळाच्या झाकणाचा वॉशर कोरडा आणि एका जागी चेपलेला निघाला. बाजारातल्या आमच्या म्हाताऱ्या घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावूनच निकाल दिला: "रबर बदलूक व्हया, नायतर पाणी जातलाच." त्यांच्याकडे हात उत्तम आहे, पण दाब तपासण्याचे यंत्र नाही, आणि ते तालुक्याच्या गावी सहसा नसते. म्हणूनच बॅटरीवरच्या डाइव्ह घड्याळापेक्षा हाताच्या हालचालीवर चालणारे स्वयंचलित घड्याळ मला कोकणात सोयीचे वाटते. बॅटरी बदलायला दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडावे लागते, आणि दरवेळी ते पुन्हा नीट बसले की नाही हे कोणी तपासून देत नाही.

खाऱ्या हवेचा दुसरा त्रास पट्ट्याच्या पिनांना होतो. ३१६एल पोलाद गंजाला चांगले तोंड देते, पण पिनेच्या भोकात साचलेले मीठ आणि घाम तिथेच राहिला तर तेही खड्डे धरते आणि पिन जाम होते. सेइकोच्या लगांना आरपार भोके आहेत, त्यामुळे टाचणीसारख्या साध्या अवजाराने बाहेरून पिन ढकलून काढता येते. पट्टा काढायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, बेझेल फिरवून खालची वाळू काढायची, हे दोन मिनिटांचे काम होते. ट्यूडरला अशी आरपार भोके नाहीत. पट्टा काढताना आतल्या बाजूने अवजार घालावे लागते आणि लगाला ओरखडा जाण्याची धास्ती राहते. एवढ्या महागड्या घड्याळात ही सोय असायला हवी होती. बेझेलच्या बाबतीत मात्र ट्यूडर पुढे आहे. तिचे साठ ठोके एकेक करून स्वच्छ पडतात, ओल्या बोटांनीही अंदाज चुकत नाही. चामड्याचा पट्टा तिन्हींपैकी कशालाही घालू नये. पावसाळ्यात कपाटातल्या कपाटात त्याला बुरशी येते.

आता किंमत. सेइको बाजारात आले तेव्हा १,२०० डॉलरचे होते, ट्यूडर पोलादी पट्ट्यासह ३,५७५ डॉलरचे. बाल्टिक सहाशे-सातशे युरोंच्या घरात पडते. सेइकोला आपल्याकडे लाखाच्या आतबाहेर मोजावे लागत आणि ट्यूडर तीन लाखांच्या बरेच पुढे गेले आहे. बाल्टिक परदेशातून पार्सलने येते, त्यामुळे त्याच्या छापील किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि युरोतली किंमत पाहून हरखलेल्या माणसाने ती रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेल्या आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू असलेल्या भारत-एफ्टा व्यापार करारामुळे स्विस घड्याळांवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे; फ्रान्स त्या करारात नाही.

या पैशांत काय मिळते, हे बारकाईने पाहू. ट्यूडरमध्ये सत्तर तास चालणारे, प्रमाणित क्रोनोमीटर यंत्र मिळते, म्हणजे दिवसाला चार-सहा सेकंदांच्या आतली चूक. सेइकोचे ६आर३५ यंत्रही सत्तर तास चालते, पण कंपनी स्वतःच दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे एवढी सूट घेते. लाखभर रुपये मोजणाऱ्याला ही सूट खटकणार, आणि ती खटकणे रास्त आहे. त्याबदल्यात केसवरचा कठीण लेप, आरपार लग आणि वाचायला सर्वांत सोपी तबकडी मिळते. बाल्टिकच्या यंत्राची अचूकताही सेइकोच्याच पातळीची, आणि ते बेचाळीस तास चालते. पण सफायरची काच, सफायरचीच बेझेलपट्टी आणि सडपातळ केस या किमतीत दुसरीकडे शोधूनही मिळत नाही. ठेवणीच्या मिलिमीटरमागे सर्वांत कमी पैसे घेणारे घड्याळ तेच आहे. त्याची उणीव दुरुस्तीच्या वेळी जाणवते, कारण कंपनीचे सेवाकेंद्र जवळपास नाही. मियोटाचे यंत्र मात्र मुंबई-पुण्याचा कोणताही जाणता घड्याळजी उघडू शकतो, आणि वेळ आली तर अख्खे यंत्र बदलणेही परवडते. ट्यूडरच्या यंत्राला तो पर्याय नाही. ते कंपनीच्या मार्गानेच जाणार आणि त्याचा खर्चही त्याच मापाचा असणार.

म्हणून माझी शिफारस वापरावर अवलंबून आहे. जो हंगामभर बोटीवर असतो, रोज खाऱ्या पाण्यात हात घालतो, त्याने सेइको घ्यावे आणि जाडी सोसावी. ज्याला घड्याळ आवडते, रविवारी पाण्यात उतरायचे असते आणि बाकी सहा दिवस बाहीखाली घालायचे असते, त्याने बाल्टिक घ्यावे. वाचलेल्या पैशांत स्कुबाचा रीतसर अभ्यासक्रम तारकर्लीलाच पुरा होईल. ट्यूडर त्याने घ्यावे ज्याला लगांवरच्या त्या तिरप्या धारेची किंमत कळते आणि दुरुस्तीचे बिल आल्यावर जो दचकणार नाही. घेण्यापूर्वी तिन्हींपैकी जे मिळेल ते हातात घालून, बाही खाली ओढून, मनगट मागे वाकवून पाहावे. किल्ली हाताच्या मागच्या बाजूला टोचली तर तो आकार आपल्यासाठी नाही, मग पेटीवर व्यास काहीही लिहिलेला असो.